तांब्याचा बेडूक

नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात मी लिपिक होते, आणि निवृत्त होईपर्यंत कोनशिलांचा मजकूर तयार करण्याचं काम माझ्याकडेच राहिलं. कुणी आदेश काढून दिलेलं नव्हतं. माझं शुद्धलेखन बरं आणि बोलणी खायची तयारी, एवढ्या भांडवलावर ते माझ्या टेबलावर आलं आणि तिथेच चिकटलं. काळ्या ग्रॅनाइटची पाटी, कोरलेल्या अक्षरांत सोनेरी रंग. कामाचं नाव वर, बारीक अक्षरांत: प्रभाग क्रमांक अमुकमध्ये तमुक यांच्या घरापासून सार्वजनिक विहिरीपर्यंत आरसीसी गटार बांधणे. त्याखाली 'शुभहस्ते', मग 'अध्यक्षस्थानी', मग 'प्रमुख उपस्थिती'; खासदार, आमदार, नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष, बांधकाम सभापती, प्रभागाचे नगरसेवक आणि तळाला मुख्याधिकारी. एका नावामागचं 'मा.' राहिलं म्हणून तयार पाटी परत गेलेली मी पाहिली आहे. उपनगराध्यक्षांचं अक्षर सभापतींच्या अक्षराएवढंच का, यावर सर्वसाधारण सभेत जेवढा वेळ गेला तेवढा त्या गटाराच्या उतारावर गेला असता, तर पावसाचं पाणी उलटं फिरलं नसतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. भिक्षुकी त्यांनी केली नाही, पण पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड एकेक करून जमवले होते, आणि नगरपरिषदेची कुठलीही बातमी ते त्या खंडांतून पाहायचे. आमच्या एखाद्या टाकीच्या लोकार्पणाचा फोटो पेपरात आला की चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे,

"यात यजमान कोण गं?"

"नगराध्यक्ष."

"त्याच्या खिशातून काही गेलं?"

"नाही."

"मग यजमान कसा? फार तर घरातला वडीलधारा म्हण. देवापुढे बसला, एवढंच."

"मग कंत्राटदार?"

"तो ऋत्विज. दक्षिणा घेऊन काम करून देतो. फळ त्याचं नाही."

(दक्षिणेतला वाटा पुढे कुठे कुठे जातो याची चर्चा काण्यांच्या खंडांत सापडत नाही. नगरपरिषदेसमोरच्या टपरीवर सापडते.)

अण्णा चेष्टेत विचारत, पण प्रश्न चेष्टेचा नव्हता. विहीर, तळं, बाग, अन्नदान, देऊळ यांना स्मृतिकारांनी 'पूर्त' असं नाव दिलं आणि अग्निहोत्र, वेदपठण वगैरेंना 'इष्ट'. इष्टाचा अधिकार द्विजांपुरता. पूर्ताचा अधिकार मात्र शूद्राला आणि स्त्रीलाही. म्हणजे इतर सगळी दारं बंद करणाऱ्यांनीसुद्धा हे एक दार उघडं ठेवलं होतं: पाण्याची सोय करा, सावली करा, तुम्हालाही पुण्य आहे. आता ही सगळी कामं नगरपरिषद करते. महाराष्ट्रात १९६५ चा अधिनियम आहे, त्याच्या कलम ४९ मध्ये पाणी, दिवाबत्ती, गटारं, स्मशानभूमी ही नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्यं म्हणून लिहिलेली आहेत. अण्णांचा प्रश्न असा, की पूर्त जर कायद्याने सक्तीचं झालं आणि करातून होऊ लागलं, तर ते पुण्य गेलं कुठे? कुणाच्या खात्यावर जमा झालं?

मीमांसक यज्ञाची ओळख तीन गोष्टींनी करून देतात: द्रव्य, देवता आणि त्याग. काय दिलं, कुणाला उद्देशून दिलं, आणि ते खरोखर सोडलं का. आहुती हाताने टाकतो ऋत्विज. पण हे आता माझं नाही, असा उच्चार यजमानालाच करावा लागतो. तो उच्चार झाला नाही तर अग्नीत नुसतं तूप जळतं.

हे माप नगरपरिषदेला लावून पाहू. द्रव्य आपलं: घरपट्टी, पाणीपट्टी, आणि वित्त आयोगाकडून येणारा निधी, तोही शेवटी आपलाच. पण घरपट्टीच्या मागणी बिलामागे जप्तीची नोटीस उभी असते. मागून घेतलेल्या पैशाचं दान होत नाही. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून दूरदूरपर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, त्या आपल्या खासगीच्या उत्पन्नातून, दौलतीच्या खजिन्यातून नव्हे, यावर अण्णा नेहमी बोट ठेवत. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यातल्या आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. द्रव्य त्यांचं, हौद त्यांचा, सोडणारे ते स्वतः. यजमान कोण हे विचारायला जागाच उरत नाही. हेच जोतीराव १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. तिथे पैसा सगळ्यांचा. आणि तिथली त्यांची गोष्ट आजही सांगितली जाते ती खर्च करण्याची नाही, नकाराची: व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायला एकट्या त्यांनी विरोध केला. स्वतःचं होतं ते सोडून दिलं आणि लोकांचं होतं ते सुटू दिलं नाही. मला यात विसंगती दिसत नाही. किंबहुना नगरसेवकाने कसं असावं हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

मार्चअखेरीला वसुलीच्या खिडकीशेजारी आमचं टेबल असायचं. पट्टी भरणारा माणूस कुरकुरत भरतो, पावती दोनदा वाचतो आणि जाताना एक टोमणा मारतो. त्याने तसंच करावं. पावती न वाचणाऱ्या गावाचं काही खरं नसतं. पण त्या खिडकीवर त्याग शोधणं चुकीचं आहे, एवढं मला तिथे बसून कळलं. अण्णांशी माझा मतभेद इथे होता. ते म्हणायचे, कर भरताना मन मोठं असेल तर पुण्य, नाहीतर नाही. मी म्हणायची, करातून झालेल्या कामाचा त्याग पैसे देताना होत नाही, नंतर होतो. नळ सुरू झाल्यावर. रस्ता झाल्यावर. यजमान ते काम वापरणारे आपण सगळे, आणि आपल्याला तो उच्चार रोज करावा लागतो. करत नाही, हा भाग वेगळा.

असं का म्हणते, त्यासाठी तळ्याच्या उत्सर्गाचा विधी सांगायला हवा.

कुणी तळं खणलं, तर खणून झालं म्हणून ते लोकांचं होत नसे. त्याचा उत्सर्ग करावा लागे. दान आणि उत्सर्ग यांत शास्त्राने फरक केला आहे. दानाला घेणारा ठरलेला असतो, आणि तो घेतो. उत्सर्गाला कुणी एक घेणारा नाही. मालक आपली मालकी सोडतो, सर्व भूतांसाठी. मत्स्यपुराणात या विधीचं सामान दिलं आहे. तळ्यात सोडायला सोन्याचं कासव आणि मगर, चांदीचा मासा, तांब्याचा खेकडा आणि बेडूक, लोखंडाचा शिंशुमार. गृह्यपरिशिष्टातल्या विधीत गाईला पाण्यात उतरवतात आणि यजमान तिचं शेपूट धरून तिच्या मागोमाग पलीकडे निघतो. आणि मग एक अडचण शास्त्रकारांनाच सुचते: ज्याने तळं सोडलं, त्याने उद्या तिथे अंघोळ केली, पाणी प्यायलं तर? दिलेलं परत घेतल्याचं पाप लागेल का? उत्तर असं, की सर्व भूतांसाठी सोडलं आहे आणि तोही त्या भूतांपैकी एक आहे. तेव्हा त्याने खुशाल प्यावं. मालक म्हणून नव्हे, भूत म्हणून.

हे वाचलं तेव्हा मला तो तांब्याचा बेडूक फार आवडला. विधी करणाऱ्यांनी त्याची आठवण ठेवली होती. पाणी कुणाकुणासाठी याची यादी करताना माणसाच्या आधी बेडूक, खेकडा, कासव. एवढी उदार यादी कुठल्या सरकारी योजनेच्या लाभार्थ्यांचीही नसेल.

आणि आता महाड.

महाड आमच्याच जिल्ह्यातलं. कार्यालयाच्या कामाने गेलं की चवदार तळ्याच्या काठाने जाणं होई. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने मंजूर केला: सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव झाला, इतिवृत्तात लिहिला गेला, पुढच्या सभेत कायमही झाला असेल. मी आयुष्यभर असले ठराव लिहिले, त्यामुळे त्या कागदाचा वासही मला ओळखीचा वाटतो. तळ्यावर मात्र तीन वर्षं कुणी अस्पृश्य फिरकू शकला नाही. गुरं पाणी पीत होती. इतर धर्मांचे लोक भरत होते. बेडूक होतेच.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर महाडला भरलेल्या परिषदेला जमलेल्या हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. त्यानंतर तळं शुद्ध करून घेण्यात आलं: १०८ घागरी, पंचगव्य, मंत्र. मला या शुद्धीतलं सगळ्यात विचित्र काय वाटतं सांगते. तेच मंत्र, तेच विधी जाणणारे लोक. ज्या परंपरेने तळ्यात तांब्याचा बेडूक सोडायला सांगितला, त्याच परंपरेचे हात तळ्यातून माणूस काढून टाकत होते. स्मृतींत दोन्ही आहे हे मी नाकारत नाही. अंत्यजाने स्पर्श केलेल्या विहिरीच्या पाण्यावरची प्रायश्चित्तंही तिथेच आहेत, पूर्ताच्या गोड श्लोकांपासून फार लांब नाहीत. पण त्याग या एका कसोटीवर पाहिलं, तर महाडात झालं ते स्पष्ट आहे: काठावरच्या लोकांनी सोडलेलं तळं परत घेतलं.

नगरपालिकेचं काय? ४ ऑगस्ट १९२७ ला तिने १९२४ चा ठराव रद्द केला. सत्याग्रहाच्या बाजूने उभे राहणारे सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे लोकही त्याच गावचे होते आणि त्याच नगरपालिकेत वावरलेले होते, हेही सांगायला हवं. पण ठराव रद्द झाला. डिसेंबरात काही सवर्ण मंडळी दिवाणी न्यायालयात गेली: तळं सार्वजनिक नाही, चौधऱ्यांचं खासगी आहे, आणि अनादि काळापासून ते फक्त आम्हीच वापरतो. दावा खालून वर गेला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. अशी अनादि रूढी सिद्ध होत नाही, असा निर्णय झाला. एका तळ्याचा उत्सर्ग, कायदेमंडळाचा ठराव धरला तर, चौदा वर्षं चालला. त्यातला खरा विधी एकच, ओंजळभर पाणी. बाबासाहेब नंतर म्हणाले होते की पाण्यावाचून आम्ही मरणार होतो म्हणून तिथे गेलो नाही. इतरांसारखी आम्हीही माणसं आहोत हे ठरवायला गेलो. शास्त्राच्या भाषेत सांगायचं तर सर्व भूतांच्या यादीत स्वतःचं नाव त्यांनी स्वतः लिहिलं. अण्णांपुढे मी हे म्हटलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशीचा यजमान तोच." अण्णांच्या पिढीतल्या, अण्णांच्या घरातल्या माणसाने एवढं म्हणणं सोपं नव्हतं.

महाड मोठी गोष्ट आहे, तिचा आधार घेऊन आमच्या नळाचं बोलू नये, असं कुणाला वाटेल. मलाही जपून बोलायला हवं. जातीने पाणी नाकारणं आणि प्रभागाने पाणी पळवणं यांत फरक आहे. पण पाणी कसं परत घेतलं जातं ते मला नळावरच शिकायला मिळालं. आमच्या गावात एक दिवसाआड, तासभर पाणी. व्हॉल्व्हमन पहाटे किल्ली घेऊन निघतो, एक झोन बंद करतो, दुसरा उघडतो. उतारावरच्या आळीत नळ धो धो वाहतो, टेकाडावरच्या घरांना करंगळीएवढी धार. मग खालच्या आळीतलाच कुणी जोडणीला टिल्लू पंप लावतो. त्याच्याकडे टाकी आहे, बोअरिंग आहे, तरी लावतो. विचारलं तर म्हणतो, "पट्टी भरतो ना मी?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते पावतीवरच छापावं. भरतो, खरं आहे. पण जे भरलं ते सोडलेलं नाही, मुठीत तसंच धरून ठेवलं आहे. गटारावर ओटा बांधणारा तोच माणूस. सार्वजनिक विहिरीच्या कठड्याला लागून आपली भिंत घेणारा तोच. आणि पंप जप्त करायला पथक गेलं, तर नगरसेवकाचा फोन येतो तोही त्याच्याचसाठी. टेकाडावरच्या बाईसाठी फोन आलेला मला आठवत नाही. ती अर्ज घेऊन येई, आवक नोंदवहीत त्याचा क्रमांक पडे, आणि तेवढंच.

आता नावाचं. पाट्यांची मी एवढी थट्टा केली, म्हणून कुणी म्हणेल, नाव लावणं हेच पाप. तसं माझं मत नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे. स्वतःच्या नावाची त्याला मुळीच लाज नव्हती. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन, शूर्पारक इथे धर्मशाळा. विहिरी, तळी, बागा. दमण, तापी, डहाणूकडची नदी यांवर फुकट नावा. आमच्या पाट्यांवर एका गटाराला दहा नावं असतात, त्याच्या लेखात एका नावाखाली दहा गावं. पण मला मोह पडला तो त्यातल्या हिशोबाचा. लेण्यातल्या भिक्खूंसाठी त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले: दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांवरच्या व्याजातून वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी. मी करून पाहिलं: वर्षाचे दोनशे चाळीस, बरोबर जुळतात. आणि हे सगळं निगमसभेत जाहीर करून नोंदवून ठेवलं, असं लेखात म्हटलं आहे. निगमसभा म्हणजे त्या गावची नगरपरिषदच की. कुणीतरी लिपिकाने ती नोंद केली असेल, आणि त्याचं नाव कुठेच नाही, हे योग्यच आहे.

म्हणजे नाव लावलं, पण मुद्दलावरचा हात कायमचा काढून घेतला, स्वतःलाही परत घेता येणार नाही अशा रीतीने. असं नाव मला चालतं. कान्हेरीत आणि जुन्नरला तर पाण्याच्या पोढीवर, म्हणजे टाक्यावर, साध्या माणसांची नावं आहेत. कल्याणचा एक सोनार एक टाकं खोदून देतो आणि एका ओळीत संपतो. आमच्या पाटीवरच्या नावांत आणि त्या सोनाराच्या नावात फरक हा की त्याचं नाव देणाराचं आहे. आमच्याकडे देणाऱ्यांची नावं मागणी रजिस्टरात असतात आणि न देणाऱ्यांची ग्रॅनाइटवर.

आमचे एक अभियंता नेहमी प्रतिवाद करायचे. "मॅडम, नाव हवंच. रस्ता उखडला तर कुणाला धरायचं?" त्यांचं बरोबर आहे, पण त्यासाठी वेगळा फलक असतो: कामाची रक्कम, कार्यादेशाची तारीख, कंत्राटदार, दोष दायित्वाचा कालावधी. तो पत्र्याचा फलक लावायला आमच्याकडे कुणाला उत्साह नसे. दोन पावसाळ्यांत गंजून पडला तरी नवा कुणी मागत नसे. ग्रॅनाइट मात्र टिकतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत आम्ही गावभरच्या कोनशिलांवर कागद चिकटवत फिरायचो. त्या काही आठवड्यांत सगळं गाव निनावी होई. नळाला पाणी तेवढंच येई.

दुरुस्तीबद्दल बोलल्याशिवाय मला थांबता येणार नाही, कारण शास्त्र आणि नगरपरिषद यांच्यात सगळ्यात मोठी दरी तिथे आहे. पडलेली विहीर, ढासळलेलं तळं, मोडकं देऊळ जो उभं करतो त्याला पूर्ताचंच फळ, असं स्मृतिवचन आहे. नवं बांधणाऱ्याइतकंच. आमच्या अंदाजपत्रकात नव्या कामाला भांडवली खर्चात जागा, भूमिपूजन, नारळ, मांडव. दुरुस्ती महसुली खर्चात, पगार आणि वीजबिलाच्या खालच्या ओळीत, आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री तिलाच. गळकी जलवाहिनी बदलल्याचं कुदळ मारून उद्घाटन मी पाहिलेलं नाही. जुन्या टाकीची दुरुस्ती शक्य असताना नव्या टाकीचा प्रस्ताव जातो, कारण नव्या टाकीला योजना असते आणि योजनेला पाटी. जुनी मग तशीच उभी राहते, गिलावा सुटलेली, सळ्या दिसणारी, पाडायलाही निधी नाही म्हणून. गावातली अशी एक टाकी अण्णा 'तुमचं पतित पूर्त' म्हणून दाखवायचे.

आणि पुण्याचा हिशोब मांडला की पापाचाही मांडावा लागतो. प्रजेच्या धर्माचा सहावा भाग रक्षण करणाऱ्या राजाला मिळतो, आणि रक्षण न केलं तर अधर्माचाही सहावा भाग मिळतो, हे मनूचं गणित. ज्या ग्रंथाची होळी त्याच महाडात २५ डिसेंबर १९२७ ला झाली, त्यातलं हे वाक्य अण्णा बेधडक वापरायचे. म्हणायचे, होळीत टाकायचं ते टाकलं, हिशोब तेवढा वाचवा. आता राजा नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर तर नगरपरिषद म्हणजे आम्ही लोकच, असं आम्ही भाषणांत लिहून द्यायचो. मग तो सहावा भाग कुणाचा? हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी गटारांत आणि शौचालयांच्या टाक्यांत माणसं उतरवली जातात आणि मरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली, २०२३ मध्ये तीस लाख केली. हा माणूस ना यजमान, ना ऋत्विज. त्याला सर्व भूतांत धरणंही आपल्याला जड जातं. संडासाची टाकी उपसायला स्वस्तात कोण येईल हे फोनवर विचारणारी घरं तीच, जी पुण्यतिथीला अन्नदान करतात. दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखाने राहतात. याचं मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही, आणि काण्यांच्या खंडांतही नाही. बहुधा ज्यांना यादीत घ्यायचं त्यांनाच ते विचारावं लागेल.

आमच्या उंच टाकीच्या खांबावर एक पिवळा चौकोन रंगवलेला आहे. त्यात 'टाकी धुतल्याचा दिनांक' आणि 'पुढील दिनांक', एवढंच. ना शुभहस्ते, ना मा. सगळ्या गावात मला आवडणारी पाटी ती. तिथे नाव नसतं, पण कुणीतरी आत उतरून, तळाचा गाळ काढून, ब्लीचिंग घालून वर आल्याची ती एकमेव खूण असते. मागच्या महिन्यात पाहिलं तर तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. पाणीपुरवठ्याच्या नव्या मुलाला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "ताई, टाकी धुतली गणपतीआधी. रंगवाल्याचं मागचं बिल अडकलंय, म्हणून तो ब्रश उचलत नाही." किती रुपयांचं बिल, ते विचारलं आणि घरी येऊन पाकिटात घातले. मग आठवलं की नगरपरिषदेत असे पैसे घ्यायला लेखाशीर्ष लागतं. देणगी म्हणून जमा करायचे तर सभेचा ठराव हवा, आणि ठरावात माझं नाव लिहावं लागेल. आता तो मसुदा मीच लिहून द्यावा असं तिथल्या मुलीचं म्हणणं आहे.